दुखण्याला माणसं लागतात

फायब्रोमायल्जियाच्या रुग्णाला उपचार मिळत नाहीत, असं कुणी म्हटलं तर ते मला पटत नाही. उपचार त्याला भरपूर मिळतात. आमच्या फिजिओथेरपी विभागात तो पोचतो (आणि बहुतेकदा तो नसतो, ती असते) तोवर घरचे डॉक्टर, हाडांचे डॉक्टर, न्यूरॉलॉजिस्ट, एखादे वैद्य, होमिओपॅथीच्या गोळ्या, ॲक्युप्रेशरच्या चपला, चुंबकाची गादी, पंचकर्माचा पंधरवडा आणि शेजारणीने सांगितलेलं तेल एवढं सगळं होऊन गेलेलं असतं. प्रत्येकाने थोडा गुण आला, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. या दुखण्याच्या माणसांबरोबर बरीच वर्षं काम केल्यावर आणि त्याविषयीचं संशोधन जमेल तेवढं वाचल्यावर माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. या आजारात कोणता पर्यायी उपचार घेतला यापेक्षा तो किती नेमाने, किती धिम्या गतीने आणि कुणाच्या सोबतीने घेतला याला जास्त महत्त्व आहे. एका बाजूला उपचार आणि दुसऱ्या बाजूला आधार अशी जी वाटणी आपण करतो ती या आजारापुरती तरी चुकीची आहे. जे पर्यायी उपचार खरोखर उपयोगी ठरलेले दिसतात त्यांच्या पोटात माणसांची सोबत असतेच. आणि जो आधार उपयोगी ठरतो तो माणसाला हलतं-चालतं ठेवतो. हे मत सहज मान्य होण्यासारखं नाही, त्याच्या विरोधात जाणारे पुरावेही आहेत, म्हणून जरा सविस्तर मांडते.

आधी आजाराविषयी. तीन महिन्यांहून जास्त काळ अंगभर दुखणं, रात्रभर झोपूनही सकाळी अंग आंबलेलं असणं, कमालीचा थकवा, आणि लक्षात न राहणं, बोलताना शब्द न आठवणं ही याची मुख्य लक्षणं. जगात शंभरातल्या दोन-तीन माणसांना हा आजार असतो असा सर्वसाधारण अंदाज आहे. रक्ताच्या तपासणीत किंवा एक्स-रेत तो दिसत नाही. १९९० साली अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने निदानाचे निकष ठरवले तेव्हा शरीरावरच्या १८ ठरावीक जागा दाबून पाहायच्या आणि त्यांतल्या किमान ११ दुखल्या पाहिजेत, अशी अट होती. २०१० साली ही दाबादाबी निकषांतून गेली. अंगाचे १९ भाग धरून कुठे कुठे दुखतं, आणि जोडीला झोप, थकवा, विसराळूपणा किती त्रास देतात, हे विचारून निदान करायचं ठरलं. म्हणजे रुग्णाचं म्हणणं नीट ऐकून घेणं हेच निदानाचं मुख्य साधन झालं. ज्यांना हे अशास्त्रीय वाटतं त्यांनी रिचर्ड ग्रेसली आणि सहकाऱ्यांचा २००२ सालचा प्रयोग पाहावा. १६ रुग्ण आणि १६ निरोगी माणसं घेऊन त्यांनी अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी एमआरआयने मेंदू पाहिला. निरोगी माणसाला जेवढं दुखण्यासाठी जितका दाब लागत होता त्याच्या जवळपास निम्म्या दाबाने रुग्णांना तेवढंच दुखत होतं, आणि वेदनेशी संबंधित मेंदूच्या भागांतही तशीच हालचाल दिसत होती. त्याच्या खूप आधी, १९७५ साली, टोरांटोत हार्वे मोल्डोफ्स्की आणि सहकाऱ्यांनी निरोगी तरुणांची गाढ झोप आवाज करून सलग काही रात्री मोडली, तर त्यांचंही अंग दुखायला लागलं. या दोन प्रयोगांवरून आजाराचं चक्र बऱ्यापैकी कळतं. मज्जासंस्था वेदनेला नको तेवढी जागी झालेली असते, त्यामुळे झोप लागत नाही, झोप नाही म्हणून दुखणं वाढतं, दुखतं म्हणून हालचाल कमी होते, आणि न वापरलेले स्नायू थोड्याशा कामानेही ठणकायला लागतात.

आता अशा रुग्णाची फाइल पाहा. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन-तीन वर्षांचे कागद तारखेनुसार लावलेले असतात: सीबीसी, ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, थायरॉइड, ड जीवनसत्त्व, मानेचा एमआरआय. या तपासण्या वाया गेलेल्या नसतात. थायरॉइड मंदावलं असेल किंवा ड जीवनसत्त्व फार खाली गेलं असेल तरी अंग असंच दुखतं, आणि आपल्याकडे दोन्ही गोष्टी भरपूर आढळतात, म्हणून ते आधी बघायलाच हवं. पण सगळं पाहून झाल्यावर बहुतेक कागदांच्या तळाशी ‘नॉर्मल’ एवढंच लिहिलेलं असतं. इतर आजारांत हा शब्द वाचून माणूस सुटकेचा श्वास टाकतो. इथे प्रत्येक नॉर्मल रिपोर्टबरोबर घरातला एकेक माणूस तिच्या बाजूने उठून जातो. ‘काही निघालं नाही ना, मग?’ या ‘मग’मध्ये कामाचा कंटाळा, सासरची नावड, मनाचे खेळ असं सगळं येतं. भाकरी थापताना खांद्यातून निघणारी कळ, धुणं पिळताना मनगटातून जाणारी चमक बाहेरून कुणाला दिसत नाही. चेहरा तर धडधाकट दिसतो. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१० साली याच अनुभवाचं मोजमाप करणारी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. जोडीदार, कुटुंब, डॉक्टर, कामाची जागा अशा एकेका ठिकाणी आपलं दुखणं किती नाकारलं जातं आणि किती समजून घेतलं जातं, हे त्यात विचारलेलं होतं. सांधेवाताच्या रुग्णांपेक्षा फायब्रोमायल्जियाच्या रुग्णांना हे नाकारलं जाणं जास्त सोसावं लागतं, असं त्यातून दिसलं. सांधेवातात बोटं सुजतात, वाकडी होतात. लोकांना पुरावा डोळ्यांनी दिसतो.

डॉक्टरांना दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. जगभरच्या प्राथमिक आरोग्यसेवेतला तपासणीचा वेळ मोजणारा एक मोठा आढावा २०१७ साली आला. त्यात भारतातल्या डॉक्टरकडे एका रुग्णासाठी सरासरी दोन मिनिटांच्या आसपास वेळ निघाला, स्वीडनमध्ये तोच वीस मिनिटांच्या वर होता. ऐकून घेणं हेच ज्या आजाराच्या निदानाचं साधन, तो आजार दोन मिनिटांत कसा कळणार? आणि दुखणाऱ्यांची संख्या लहान नाही. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने घरोघर जाऊन पाहणी केली. ४०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्क्यांना सांध्या-स्नायूंचं दुखणं होतं. त्यातल्या बऱ्याच जणांच्या दुखण्याला सांधेवात असं सरळ नाव देता येत नव्हतं. ही बिननावाची दुखणी घेऊन माणसं जिथे वेळ मिळेल तिथे जातात, आणि पर्यायी उपचार करणाऱ्यांकडे वेळ मिळतो. नाडी पाहायला, तेल चोळायला, काय खाता, कधी झोपता, घरात कोण कोण आहे हे विचारायला त्यांच्याकडे अर्धा तास असतो. त्यांच्याकडे माणसं भोळेपणाने जातात, असं मला वाटत नाही. दवाखान्यात जे मिळालं नाही ते शोधत जातात.

पण तिथे मिळतं ते औषध असतं का, हे पाहायला हवं. अमेरिकेत २०२५ पर्यंत या आजारासाठी मंजुरी मिळालेली तीनच औषधं होती: २००७ साली प्रीगॅबालिन, २००८ साली ड्युलोक्सेटिन आणि २००९ साली मिल्नासिप्रान. त्यांचा उपयोग होतो, मात्र थोड्यांना; खोट्या गोळीच्या तुलनेत शंभरात दहाएक रुग्णांना ठळक जास्त आराम पडतो, असं प्रीगॅबालिनच्या चाचण्यांतून दिसतं. २०१७ साली युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे यूलारने, सगळा पुरावा तपासून शिफारशी केल्या. त्यात निःसंदिग्ध आणि जोरदार शिफारस एकाच गोष्टीची झाली, ती म्हणजे व्यायामाची. योग, ताई ची, चिगोंग यांसारखे ध्यानासह केलेले व्यायाम, सजगतेचा सराव, मानसोपचारातली वर्तनपद्धती, ॲक्युपंक्चर, कोमट पाण्यातले व्यायाम हे सगळं ‘करून पाहावं’ अशा सौम्य शब्दांत आलं. स्टेरॉइड आणि तीव्र अफूजन्य वेदनाशामकं मात्र देऊच नयेत, असं स्पष्ट सांगितलं गेलं.

या सौम्य शब्दांमागच्या चाचण्या बारकाईने वाचल्या की माझा मुद्दा हळूहळू समोर येतो. बोस्टनच्या टफ्ट्स मेडिकल सेंटरमध्ये चेनचेन वांग यांनी ६६ रुग्णांवर ताई चीची चाचणी केली. ती २०१० साली प्रसिद्ध झाली. आठवड्यातून दोनदा तासभर, बारा आठवडे. शंभराच्या मोजपट्टीवर ताई ची करणाऱ्यांचा त्रास २७.८ गुणांनी उतरला, आजाराची माहिती आणि स्नायू ताणण्याचे व्यायाम मिळालेल्या दुसऱ्या गटाचा ९.४ गुणांनी. याच चमूने मग २२६ रुग्ण घेऊन ताई चीची तुलना नेहमीच्या एरोबिक व्यायामाशी केली आणि २०१८ साली निष्कर्ष मांडले. ताई ची व्यायामाच्या बरोबरीची किंवा थोडी सरस ठरली. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: हजेरी. ताई चीच्या वर्गांना सरासरी ६२ टक्के हजेरी होती, एरोबिकच्या वर्गांना ४० टक्के. आठवड्यातून एकदा केलं की दोनदा, याने फारसा फरक पडला नाही; बारा आठवड्यांऐवजी चोवीस आठवडे टिकून राहिले त्यांना मात्र जास्त फायदा झाला. म्हणजे जोर किती लावला यापेक्षा परत किती वेळा आलं हे मोलाचं. योगाची गोष्ट अशीच. ओरेगॉनमध्ये जेम्स कार्सन यांनी ५३ स्त्रियांवर केलेल्या २०१०च्या चाचणीत आसनं, श्वसन आणि ध्यान होतं, आणि गटात बसून चर्चाही होती. आठ आठवड्यांनी दुखणं, थकवा आणि दुखण्याशी वागण्याची पद्धत या तिन्हींत सुधारणा दिसली. ती आसनांची किती आणि चर्चेची किती, हे त्या चाचणीतून वेगळं काढता येत नाही. माझ्या मते ते वेगळं काढण्याचा हट्ट धरूही नये.

ॲक्युपंक्चरचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. सिॲटलमध्ये १०० रुग्णांवर झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत खऱ्या सुया आणि तीन प्रकारच्या खोट्या सुया यांत फरक निघाला नाही. नंतरच्या काही चाचण्यांत, विशेषतः सुयांतून सौम्य वीज सोडण्याच्या पद्धतीत, थोडा फायदा दिसला. मग सुई टोचण्याच्या या सगळ्या सोपस्कारात गुण येतो कशाने? टेड कॅप्चक यांनी हा प्रश्न पोटाच्या इरिटेबल बाउल या आजारात विचारला. तो आजार फायब्रोमायल्जियाचा जवळचा नातेवाईक आहे, एकाच माणसात दोन्ही पुष्कळदा आढळतात. २६२ रुग्णांचे तीन गट केले. एकाला काहीच नाही, नुसती प्रतीक्षा. दुसऱ्याला खोट्या सुया, पण टोचणारा मोजकंच बोलणार. तिसऱ्याला त्याच खोट्या सुया, पण टोचणारा वेळ देणार, आस्थेने विचारणार, ऐकून घेणार. तीन आठवड्यांनी पुरेसा आराम पडल्याचं सांगणारे पहिल्या गटात २८ टक्के, दुसऱ्यात ४४ आणि तिसऱ्यात ६२ टक्के निघाले. सुया दोन्हीकडे खोट्याच होत्या. १८ टक्क्यांचा फरक माणसाने पाडला. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ साली दीर्घकालीन वेदनेसाठी ॲक्युपंक्चरची शिफारस केली, ती करताना आरोग्य कर्मचाऱ्याचा एकूण वेळ पाच तासांपर्यंत असावा, असंही घातलं. हेतू खर्च आवरण्याचा होता. मी मात्र आपल्याकडच्या दोन मिनिटांशेजारी ते पाच तास ठेवून पाहते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. हे सगळं प्लासीबो, म्हणजे खोट्या गोळीचाच गुण, म्हणायचं ना? मग भोंदू आणि भला यांत फरक काय राहिला? माझं उत्तर असं आहे. व्यायामाचा परिणाम केवळ समजुतीचा नाही. स्नायूंची ताकद, झोप, दम हे मोजता येतं आणि ते सुधारतं. राहिला सोबतीचा परिणाम. तो खोटा असता तर औषधांच्या चाचण्यांत खोटी गोळी घेणाऱ्यांनाही आराम का पडला असता? वेदना मेंदूत घडते आणि भीती, एकटेपणा, अविश्वास यांनी ती वाढते, हे मान्य केलं की विश्वासाने ती उतरते यात गूढ काही उरत नाही. मात्र यातून एक बंधन येतं. गुण वेळेचा आणि आस्थेचा असेल तर वेळ आणि आस्था सरळ द्यावी, खोटी गोळी, महागडी गादी किंवा ‘मुळापासून बरं करू’ ही बतावणी मधे आणू नये. आणि काही उपचारांना तर दारातूनच परत पाठवावं लागतं. बोस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या, दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं संशोधन २००४ साली प्रसिद्ध झालं. आपल्याकडे बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळल्याच्या नोंदी डॉक्टरांनी वेळोवेळी केल्या आहेत. वर्षानुवर्षांची अंगदुखी पुडीने दोन दिवसांत पळाली, चेहरा गोल व्हायला लागला, साखर वाढली, तर ती पुडी ताबडतोब डॉक्टरांना दाखवावी आणि मनाने एकाएकी बंदही करू नये, कारण स्टेरॉइड झटकन थांबवणंही धोक्याचं असतं. पंचकर्माबद्दल माझं म्हणणं वेगळं आहे. गरम तेल, शेक, वेळेवर जेवण, दुपारची विश्रांती आणि कुणीतरी आपली विचारपूस करणं, यांनी त्या पंधरा दिवसांत बरं वाटतं हे खरंच आहे. घरी परतल्यावर ते टिकत नाही, याचं कारण तेलात शोधण्यापेक्षा घरात शोधावं.

दुसरा आक्षेप पुराव्याचा आहे आणि तो माझ्या मताला जास्त अडचणीचा आहे. सॅन डिएगोमध्ये एका आरोग्य विमा संस्थेच्या ६०० सभासदांवर एक मोठा प्रयोग झाला. फायब्रोमायल्जिया असलेल्या या लोकांचे तीन गट केले: एकाला आधारगट, एकाला आधारगट आणि शिक्षण, एकाला काही नाही. २००१ साली निष्कर्ष आले तेव्हा वैद्यकीय खर्च तिन्ही गटांत कमी झालेला होता. आधारगटाने त्यात वेगळी भर घातली असं दिसलं नाही. माणसं जमवली की झालं, असं माझं म्हणणं असतं तर या प्रयोगाने ते खोडून काढलं असतं. पण तिथला गाभा जमून बोलण्याचा आणि माहिती घेण्याचा होता; अंग हलवण्याचा नेम हा त्याचा गाभा नव्हता. उलट, विनफ्रीट हॉयझर यांनी २००९ साली व्यायाम आणि त्यासोबत शिक्षण किंवा मानसिक उपचार अशा एकत्रित कार्यक्रमांच्या ९ चाचण्या, एकूण १११९ रुग्ण, एकत्र तपासल्या. दुखणं, थकवा, उदासी सगळ्यांत फायदा दिसला. पण कार्यक्रम संपल्यानंतर तो बराचसा ओसरला, टिकली ती मुख्यतः अंगातली क्षमता. मला यात माझ्या रोजच्या कामाचं चित्र दिसतं. बारा आठवड्यांचा वर्ग संपतो, माणसं पांगतात, आणि काही महिन्यांनी फाइल पुन्हा उघडते. कार्यक्रमाला शेवटची तारीख असणं हाच त्याचा दोष आहे.

आधार कसलाही असून भागत नाही, हे घरात अधिक स्पष्ट दिसतं. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात रुग्णाचा जोडीदार नुसता खोलीत असला तरी दुखऱ्या जागेवरच्या दाबाने होणारी वेदना कमी जाणवत होती, मेंदूचा प्रतिसादही उतरत होता. दुसरीकडे, जुनाट दुखण्यावरचं संशोधन असंही सांगतं की जोडीदार फार काळजी करणारा, प्रत्येक कण्हण्यावर हातातलं काम काढून घेणारा असेल तर रुग्णाची हालचाल कमी होते आणि दुखण्याचं वागणं वाढतं. आपल्या घरांत नाकारणं आणि फार जपणं या दोन टोकांचं आलटून पालटून राज्य असतं. आठ दिवस ‘काही झालं नाही तुला’, मग एखाद्या दिवशी ती रडली की ‘तू काही करू नकोस, पडून राहा’. दोन्हींत तिच्या शरीराचा अंदाज तिने स्वतः घेण्याला जागा नाही. कामाचा आधार तिसरा असतो: ‘कणीक मी मळतो, पोळ्या तू लाट, दहा झाल्या की थांब’. एवढं म्हणणारा नवरा किंवा मुलगा घरात असेल तर आमचं निम्मं काम झालेलं असतं.

गटातलं काम मी जवळून पाहते, म्हणून ते कसं चालतं ते सांगते. सुरुवात खुर्चीवर. खांदे वर-खाली, मनगटं गोल, टाचा उचलणं, मान अगदी थोडी वळवणं. दहा मिनिटांत संपतं आणि पहिल्या दिवशी बहुतेकींना ‘एवढंच?’ असं वाटतं. मग भिंतीला हात टेकून उभ्याने थोडं, मग व्हरांड्यात पाच मिनिटं चालणं. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं तर पुढच्या वेळी तेवढंच ठेवायचं, वाढवायचं नाही, पण बंदही करायचं नाही, हा एकच कडक नियम. घरी एक वही: रात्री किती वेळा जाग आली, दिवसभरात काय काय केलं, दुखणं दहापैकी किती. तीन आठवड्यांची वही समोर ठेवली की सगळ्यांचा एकच सापळा दिसतो. चांगला दिवस उगवतो, अंग हलकं असतं, आणि साचलेलं सगळं काम त्याच दिवशी उरकलं जातं: माळा आवरणं, चादरी धुणं, पाहुण्यांचा स्वयंपाक. पुढचे तीन दिवस अंथरुणात. हे मी सांगितलं तर ते डॉक्टरी उपदेशात जमा होतं. शेजारच्या खुर्चीवरच्या बाईने, जिची वही अगदी तशीच आहे, ‘अगं, थांबायचं होतंस’ असं म्हटलं तर ते पोचतं. दिवाळीच्या आधी गटात चकली बचत गटाकडून विकत आणण्यावर गंभीर चर्चा होते. कुणाची सासू काय म्हणेल, नवऱ्याला कसं सांगायचं, फक्त लाडू घरी केले तर चालेल का. बाहेरच्याला ही किरकोळ गोष्ट वाटेल. ज्या शरीराला सलग तीन दिवस तळणीसमोर उभं राहणं झेपत नाही त्याच्यासाठी हा उपचाराचा भाग आहे, आणि तो कुठल्याही प्रिस्क्रिप्शनवर लिहिता येत नाही.

तिसरा आक्षेप मला सुशिक्षित घरांतून जास्त ऐकू येतो: अशा गटांत बसून माणूस आजारालाच चिकटून बसतो, नाव मिळालं की आजारी राहण्याची सोय होते. वैद्यकातल्याही काही जाणत्यांनी हे म्हटलेलं आहे, तेव्हा ते झटकून टाकता येत नाही. कॅनडातल्या लंडन शहरात केव्हिन व्हाइट यांनी नेमकं हेच तपासलं. लोकवस्तीच्या पाहणीत सापडलेल्या शंभर रुग्णांपैकी ज्यांना पहिल्यांदाच निदान सांगितलं गेलं त्यांचा ३६ महिने पाठपुरावा केला. नाव कळल्यामुळे त्यांची प्रकृती खालावली नाही, असा २००२ सालचा निष्कर्ष आहे. स्वतःच्या तब्येतीविषयीची नाराजी थोडी कमीच झाली. नुसतं रडगाणं गाणारा गट बिघडतो, हे मात्र मी मान्य करते. म्हणून गटाचा निम्मा वेळ या आठवड्यात काय जमलं याला राखून ठेवावा लागतो, आणि ते सांभाळणारं कुणीतरी प्रशिक्षित माणूस तिथे असावं लागतं.

आपल्याकडे एकत्र कुटुंब आहे, शेजार आहे, भजनी मंडळ आहे, भिशी आहे, वेगळा आधारगट कशाला, असंही विचारलं जातं. ही सगळी माणसं मोलाची आहेत. पण भजनात दोन तास मांडी घालून बसावं लागतं, आणि मधेच उठून पाय मोकळे करणाऱ्या बाईकडे चार नजरा वळतात. शिवाय घरात आणि शेजारात तिला दुखणं सिद्ध करावं लागतं. गटात ते करावं लागत नाही, तेवढा तिचा जोर व्यायामाला उरतो. पुरुषांचं तर आणखी अवघड आहे. जुन्या दाबादाबीच्या निकषांत ते कमी सापडत, नव्या निकषांनी ते जास्त सापडू लागले; पण गटात येणं त्यांना कमीपणाचं वाटतं, आणि ड्रायव्हर किंवा हमाल माणसाला रजा घेऊन यायला परवडत नाही. त्यांच्यासाठी काय करावं याचं समाधानकारक उत्तर आमच्या कामातून अजून निघालेलं नाही.

आणि पैशाचं काय? आपला आरोग्य विमा बहुतांशी रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च देतो; आठवड्यातून एकदा खुर्चीवर बसून केलेल्या व्यायामाचा देत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार नोंदलेले आहेत, त्यांत फायब्रोमायल्जियाचं नाव नाही, त्यामुळे नोकरीत बसण्याची सोय किंवा कामाच्या वेळेत थोडी सवलत मागायला आधार मिळत नाही. कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर जे हाताशी आहे ते वापरता येईल. उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं आता आयुष्मान आरोग्य मंदिर या नावाने चालतात आणि योगाचे वर्ग त्यांच्या ठरलेल्या कामांत आहेत. त्याच जागेत, त्याच शिक्षकाने आठवड्यातून एक वर्ग जुनाट दुखणाऱ्यांसाठी घ्यावा. सूर्यनमस्काराने सुरू न करता खुर्चीवरून सुरू करावा, आणि शेवटची वीस मिनिटं बोलण्यासाठी ठेवावीत. वेळ सकाळी सहाची नको, या आजारात सकाळी अंग सर्वांत जास्त आखडलेलं असतं आणि त्या वेळी घरात डबे करायचे असतात. अकरा किंवा दुपारी चार बरी. पहिले तीन महिने वर्गाचा हिशेब दुखण्याच्या आकड्यांवर न करता हजेरीपटावर करावा, आणि बाराव्या आठवड्याला वर्ग गुंडाळू नये. बोस्टनच्या चाचणीत चोवीस आठवडे टिकलेल्यांना जो फायदा झाला, तो बारा आठवड्यांवर थांबलेल्यांना तेवढा मिळाला नव्हता.